मोहाखालचा धूर

माझी बायको रुख्मिणी दिवाळीनंतर वारली. तिचं माहेर सालेकशाच्या पुढे जंगलाला लागून. दरवर्षी मोह वेचायला आम्ही दोघं जायचो. यंदा जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिच्या आईचा फोन आला, "लेक गेली तं जवाई बी गेला का?" मग जीप काढली.

सासूबाईंचे गुडघे कामातून गेले आहेत. चालता येत नाही. तरी मोहाच्या झाडाखाली बसून फुलं वेचायची हौस तशीच आहे. सकाळी मी त्यांना उचलून जीपच्या मागच्या बाकावर बसवलं. जंगलात हिसके फार बसतात, म्हणून माझा साळा टिकाराम यानं आपला दुपट्टा त्यांच्या कमरेभोवती घेऊन बाकाच्या दांडीला बांधला.

"मले बकरी समजला का रे?"

"बकरी असती तं गप बसली असती," टिकाराम म्हणाला.

वाट म्हणजे बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या. मधे गुडघ्याएवढं वाळलेलं गवत आणि सागाचा पाला. जीपच्या पोटाला सगळं खरखर घासत होतं. चढावर पहिला गियर टाकला आणि जळका वास आला.

"टिकाराम, वास येऊन राहिला."

"मोहाचे दिवस आहेत भाऊजी. लोकं पाला जाळून राहिले. तुमी काऊन घाबरता?"

खोटं नव्हतं. फुलं पाल्यात हरवू नयेत म्हणून या दिवसांत जो तो आपल्या झाडाखाली काडी लावतो. चहूकडे धूर होताच. मी गाडी हाकत राहिलो. आमचं झाड आलं आणि सावली बघून मी जीप पाल्यावरच उभी केली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "जवाईबापू, माहे पाय भाजून राहिले."

मी वळून पाहिलं. पत्र्याच्या फटीतून धूर येत होता. तो दुसऱ्या कोणाच्या झाडाचा नव्हता, आमच्याच जीपचा होता!

इंजिन बंद करून उडी मारली. खाली वाकून बघतो तर सायलेन्सरवर गवताचा गठ्ठा अडकलेला आणि तो पेटलेला. जळती काडी खाली पडत होती, खालचा पाला धरत होता. मी मागे धावलो. दुपट्ट्याची गाठ हिसक्यांनी दगडासारखी झाली होती. नखं मोडली, गाठ काही सुटेना.

"इळा! टोपलीतला इळा दे!"

"नवा दुपट्टा आहे भाऊजी!"

"तुही माय जळून राहिली ना बे!"

त्यानं विळा फेकलाच. एका झटक्यात दुपट्टा कापला आणि सासूबाईंना खांद्यावर घेऊन धावलो. शेजारच्या मोहाखालचा पाला कालच जळून थंड झाला होता. जमीन काळी, जळायला काही उरलेलं नाही. तिथं त्यांना बसवलं.

आता जीप. ड्रायव्हरच्या सीटमागे आग विझवायचं लाल नळकांडं होतं. टिकारामनं ते आणलं आणि बोनटला हात घातला.

"बोनट उघडू नको! हवा लागली तं भडकेल. खराटा घे, भवतालचा पाला ओढ!"

मी नळकांडं त्याच्याकडून घेतलं, वाऱ्याकडे पाठ केली, पिन काढली आणि खाली, आगीच्या बुडाशी मारा केला. पांढरा भुगा उडाला. ज्वाळा दबली! मी ओरडलोच, "इझली, इझली!" पण नळकांडं फुसफुसून रिकामं झालं आणि मागच्या चाकाशी पाला पुन्हा पेटला. मी चाकाजवळ बसून हातानं माती टाकायला लागलो. ही जीप रुख्मिणीनं आणि मी मिळून घेतली होती. सोडवत नव्हती.

"जवाईबापू, मांगं या!"

मी ऐकलं नाही.

"केशोराव! एक लेक जाळली मी. आता तुले नाही जाळत. मांगं ये म्हणलं ना!"

त्या कधी माझं नाव घेत नसत. मी उठलो. मागे धावत आलो तोच टायर फुटला. जंगलभर आवाज गेला. मी बसलो होतो तिथं आता नुसती आग होती.

आवाज ऐकून मोह वेचणारे खराटे घेऊन धावत आले. सगळ्यांनी गोल करून पाला मागे ओढला आणि उघड्या मातीचं रिंगण केलं. आत जीप जळत राहिली, बाहेर एक पान पेटलं नाही. टिकाराम नाचायलाच लागला. मलाही हसू येत होतं.

सासूबाई म्हणाल्या, "जीप गेली तं जाऊ दे. आता मले घरी कोण नेईल?"

मी त्यांच्यासमोर पाठ करून बसलो. त्यांनी गळ्यात हात घातले. घर दोन टेकड्यांपलीकडे होतं.

"हळू चाल रे. थकला तं टिकारामले दे."

"नाही देत," मी म्हटलं.