पाचूचा ड्रेस, राखाडी स्वेटर

शिकागोला निघायच्या आधीचा अख्खा आठवडा कोरा बोललीच नाही. रुसवा नव्हता, घशाला विश्रांती होती. संगीत नाटकाच्या कॉलेजात प्रवेश हवा असलेली आमच्याकडची सगळीच मुलं ऑडिशनच्या आधी असं मौन धरतात. मीही रोज सकाळच्या प्रार्थनेनंतर थोडा वेळ मौन पाळते, त्यामुळे मला तिचं कौतुकच वाटायला हवं होतं. पण मौनात मी गप्प असते. कोरा गळ्यात छोटासा पांढरा फळा अडकवून घरभर हिंडायची आणि त्यावर इतकं लिहायची, की तिचे बाबा, आमचे डेल, शेवटी बायकोला म्हणाले, "जिनीन, बोलू दे तिला. वाचून वाचून माझे डोळे गेले."

जिनीन माझी धाकटी बहीण. ती म्हणाली, "तीन वर्षं खर्च केलीत त्या गळ्यावर. तुमच्या डोळ्यांना चष्मा मिळतो."

कोराने फळ्यावर लिहिलं, 'धन्यवाद आई', आणि खाली एक हृदय काढलं. डेल ते वाचायला चष्मा शोधू लागले.

आमचं गाव आयोवात, मिसिसिपीच्या काठाला. मी तिथल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि बहिणीच्या घरापासून दोन दारं सोडून राहते. कोरा पहिल्यांदा गायली ती माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसून. तिचे पाय तेव्हा ऑर्गनच्या पायाने वाजवायच्या पट्ट्यांपर्यंत पोचत नव्हते.

तिला हवं होतं ते एकच कॉलेज, ओहायोतलं थॉर्नबी. त्यांची मुलं एकदा आमच्या शाळेच्या व्यायामशाळेत नाटक घेऊन आली होती. त्यात एक मोलकरीण होती. नायिका मेली तेव्हा लोक मोबाइल बघत होते, पण मोलकरणीने नुसता चहाचा ट्रे ठेवला तरी सगळी व्यायामशाळा खो खो हसत होती. त्या दिवशी जेवताना कोराने आम्हाला ती मोलकरीण इतक्या वेळा करून दाखवली, की सूप निवून गेलं. तेव्हापासून थॉर्नबी. शरद ऋतूत तिने गाण्यांचे व्हिडिओ पुष्कळ कॉलेजांना पाठवले. बहुतेकांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. चौघांनी शिकागोला बोलावलं आणि त्यांत थॉर्नबी होतं. उरलेली तीन म्हणजे तिच्या लेखी थॉर्नबीच्या रस्त्यातले पेट्रोलपंप होते.

जिनीनने तिच्यासाठी एक शिक्षक धरले होते. नाव ट्रेव्हर. ते न्यूयॉर्कहून संगणकाच्या पडद्यावर शिकवायचे. त्यांचं सांगणं एकच, की आत गेल्यावर स्वतःसारखी राहा. ते शिकायला कोराला सगळा हिवाळा लागला. स्वतःसारखं हसायचं कसं, हात कुठे ठेवायचे, 'तुझ्याबद्दल काही सांग' असं विचारलं तर किती वेळ विचार केल्यासारखं दाखवायचं, सगळं ठरलेलं होतं. ड्रेस कुठल्या तरी रत्नाच्या रंगाचा हवा, म्हणजे परीक्षकांच्या लक्षात राहतो. जिनीनने पाचूचा रंग निवडला. गाणं ट्रेव्हर यांनी निवडलं. एका बाईचा नवरा समुद्रात बुडाला आहे आणि ती धक्क्यावर उभी राहून त्याच्याशी बोलते आहे, असं ते गाणं होतं.

मौनाच्या आठवड्यातही सरावापुरतं ती गायची आणि पियानोवर मी असायची. एकदा कोराने फळ्यावर विचारलं, 'खरं सांग मावशी, कसं झालं?'

मी म्हटलं, "छान गातेस बाळ. फक्त, त्या बाईचा नवरा बुडालाय आणि तुझा अजून झालेलाही नाही. जरा वाट बघ."

कोराने फळा पुसला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवायची खूण केली.

मग आम्ही तिघी शिकागोला गेलो. दर वर्षी या दिवसांत देशभरातली कॉलेजं तिथल्या एका मोठ्या हॉटेलात उतरतात. एकेक खोली एकेका कॉलेजची. मुलं या खोलीतून त्या खोलीत जातात आणि आया मागे मागे. लिफ्टमध्ये गाणं, जिन्यावर गाणं, बर्फाच्या यंत्रापाशी कोणी तरी भिंतीकडे तोंड करून रडण्याचा सराव करतंय. सकाळी मी न्हाणीघरात टबाच्या काठावर बसून जपमाळ ओढत होते. वरच्या मजल्यावरून एक मुलगा त्याच न्हाणीघराच्या पाइपांतून उंच सूर लावत होता. मी त्याच्यासाठीही एक मणी ओढला. त्याला गरज होती.

खाली आलो तर कॉरिडॉरमध्ये पाचूच पाचू. मी मोजायला लागले आणि मोजणं सोडून दिलं. अर्ध्या मुली पाचूच्या रंगात, उरलेल्या माणकाच्या. सगळ्यांचे केस अर्धे बांधलेले, अर्धे सोडलेले. सगळ्या हात मांडीवर ठेवून अगदी स्वतःसारख्या बसलेल्या.

जिनीन माझ्या कानात म्हणाली, "लॉरेटा, दुकानदारीण म्हणाली होती, हा एकच पीस उरलाय."

"खरंच बोलली असेल," मी म्हटलं. "बाकीचे या मुलींनी नेले."

पहिल्या तीन खोल्यांत कोरा अगदी एकाच तऱ्हेने आत गेली आणि एकाच तऱ्हेने बाहेर आली. दारं पातळ होती. बाहेर बसलेल्या सगळ्या आया काही ऐकू येत नाही असं दाखवत सगळं ऐकत होत्या. गाणं, मग पाठ केलेला नाटकातला संवाद, मग 'लहानपणापासून मला रंगभूमीची ओढ आहे', मग "धन्यवाद, कोरा." चूक एकही झाली नाही. तिसऱ्या खोलीतून ती आली तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

आता बोलायला परवानगी होती, तरी ती कुजबुजली. "धन्यवाद म्हणाले. माझ्या आधीच्या मुलीलाही तसंच म्हणाले. मावशी, मी बाहेर पडताना एकानेही घड्याळ पाहिलं नाही, जांभई दिली नाही, काहीच केलं नाही. मी तिथे गेलेच नव्हते जणू."

"तू उत्तम गायलीस," जिनीन म्हणाली.

"तेच सांगतेय आई. उत्तम गायले."

थॉर्नबीची खोली टोकाला, बाहेरच्या दाराशेजारी होती. कोणी आत-बाहेर केलं की शहराला लागून असलेल्या अफाट तळ्यावरचा वारा थेट अंगावर यायचा. कोराच्या ड्रेसला बाह्या नव्हत्या. तिचे दंड निळे पडायला लागले तसा मी माझा राखाडी स्वेटर काढून तिच्या अंगावर घातला.

"रंग झाकला जातोय," जिनीन म्हणाली.

"आत जाताना काढेल. तोवर रंग गोठायला नको."

तिच्या आधीच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. ती मुलगी अजून दुसऱ्याच मजल्यावर गात होती. दाराशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने कागदावर बोट खाली सरकवलं आणि म्हणाला, "कोरा डोबेक?" कोरा उठली आणि तडक आत गेली. दार बंद झालं. मग जिनीनचा चेहरा बदलला.

"स्वेटर," ती म्हणाली.

ती दाराकडे धावली. विद्यार्थी नम्रपणे आडवा उभा राहिला. जिनीन परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि तिने माझा हात धरला. प्रेमाने नव्हे. "तुझा तो चर्चचा स्वेटर," ती म्हणाली. "कोपराला रफू केलेला."

आतून पियानो वाजला. धक्क्यावरची बाई आली, नवऱ्याला हाक मारून झाली. संवाद झाला. मग एका बाईंचा आवाज आला, "आता तुझ्याबद्दल काही सांग."

कोरा ठरल्याइतका वेळ थांबली. "लहानपणापासून मला—"

"एक मिनिट," बाई म्हणाल्या. "हा स्वेटर तुझा आहे?"

बाहेरच्या आयांनी ऐकत नसल्याचं नाटक सोडलं.

"अरे देवा," कोराचा आवाज आला. तिचा खरा आवाज, सबंध दिवसात पहिल्यांदा. "मावशीचा आहे. माफ करा, काढायचा राहिला."

"राहू दे. खिसा खाली ओढला गेलाय. काय आहे त्यात?"

मी डोळे मिटले. खिशात काय आहे ते मला ठाऊक होतं.

"जपमाळ," कोरा म्हणाली. "खोकल्याच्या गोळ्या. आणि... हे रुमालात... उकडलेलं अंडं आहे."

कोणी तरी पुरुष हसला. "अंडं कशाला?"

"आज शुक्रवार आहे ना. मावशी शुक्रवारी देवासाठी मांस खात नाही. नाश्त्याला तिने एक अंडं उचलून ठेवलं. आई म्हणाली, हॉटेलातलं असं खिशात घालू नये. तर मावशी म्हणाली—" आणि मग दारापलीकडून मी बोलले. माझाच आवाज. हळू, जमिनीकडे बघत बोलल्यासारखा, वाक्याच्या शेवटी जरासा खाली बसणारा. "देवाने कोंबडीला अंडं दिलं, कोंबडीने हॉटेलला दिलं, हॉटेलने मला दिलं. एवढ्या लांबून आलेल्याला मी नाही कसं म्हणू?"

आत हशा पिकला. माझ्या शेजारची माणकाच्या रंगातल्या मुलीची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीच का त्या?"

"मी फक्त स्वेटर दिला," मी म्हटलं. माझाच आवाज ऐकून तिला हसू आवरेना.

"मावशींना हे गाणं कसं वाटतं?" आतल्या बाईंनी विचारलं.

कोराने माझ्या आवाजात सांगितलं, नवरा बुडाल्याचं आणि जरा वाट बघण्याचं. आता तिघं जण हसत होते. जिनीनने डोकं हातात धरलं. "हसतायत तिला," ती म्हणाली. "तीन वर्षं, लॉरेटा."

बाई म्हणाल्या, "एक करशील? हेच गाणं पुन्हा म्हण. पण धक्क्यावर तू नाही. तुझी मावशी उभी आहे."

पियानोवाल्याने काही विचारलं. कोराने त्याला चाल गुणगुणून दाखवली. पहिल्यापेक्षा संथ.

मग ते गाणं सुरू झालं. समुद्राला उगाच त्रास नको म्हणून जराशी बाजूला उभी राहिलेली एक बाई. नवऱ्याला हाक मारायची आहे, पण त्याची झोप मोडायला नको. मधेच तिने बहुतेक खिशातलं अंडं काढून समुद्राला देऊ केलं असावं, कारण ते तिघं पार कोलमडून हसले. मला राग यायला हवा होता का, कोण जाणे. मी मनातल्या मनात म्हटलं, पोरी, मी इतकी हळू बोलते होय? आणि तेवढ्यात शेवटची ओळ आली. ती तिने फार सावकाश म्हटली. त्या ओळीला कोणी हसलं नाही. कॉरिडॉरमध्येही कोणी हललं नाही. बाहेरचं दार उघडलं, वारा आला, तरी कोणी हललं नाही.

"धन्यवाद, कोरा," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मावशींना अंडं परत दे."

परतीच्या वाटेवर जिनीन गाडी चालवत होती आणि आता मौन तिने धरलं होतं. इलिनॉयची सगळी बर्फाळ शेतं मागे पडेपर्यंत ती बोलली नाही. मग म्हणाली, "आवडलं म्हणून हसले की विचित्र वाटलं म्हणून, ते कसं कळणार?"

"मार्चमध्ये कळेल," मागून कोरा म्हणाली.

"मी ट्रेव्हरना काय सांगू?"

"सांग, स्वतःसारखी राहायचं विसरले. मावशीसारखी राहिले."

मी अंडं सोललं. अर्धं तिला दिलं. स्वेटर मागितला तर तिने दोन्ही बाह्या घट्ट ओढून घेतल्या. "उत्तर येईपर्यंत नाही."

"माझी माळ आहे त्यात."

"बोटांवर म्हण. देवाने दहा दिलीत ना."

म्हणून फेब्रुवारीभर मी बोटांवर जप केला. मी थॉर्नबी मागितलं नाही. कॉलेजं मागायला मला संकोच वाटतो, त्या पाचूच्या रंगातल्या सगळ्याच मुलींना तेच मागणारी आई आहे. मी एवढंच मागितलं, की त्या शेवटच्या ओळीत जी मुलगी गात होती तिला कोणी पुन्हा ड्रेसमध्ये कोंबू नये. पहिली तिन्ही कॉलेजं एकामागून एक नाही म्हणाली. दर वेळी जिनीन माझ्याकडे न बघता भांडी घासायची, आणि भांडी तिच्याकडून कधी नव्हे इतकी स्वच्छ निघायची.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी आमच्या चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांचं जेवण असतं. अख्खं गाव येतं. डेल कढईवर, जिनीन कोबीच्या कोशिंबिरीवर, मी पावावर. कोरा माझा स्वेटर घालून रांगेतल्या लोकांना ताटं देत होती. तिचा तो पांढरा फळा आता खिडकीत टांगलेला होता आणि त्यावर 'बटाटे संपत आले' असं लिहिलं होतं.

तिचा मोबाइल वाजला. तिने हात पुसले, वाचलं, आणि गप्प उभी राहिली. रांग थांबली.

"काय झालं?" डेल कढईवरून म्हणाले. "घसा बसला का पुन्हा?"

तिने मान हलवली. तोंड उघडलं, पण काही आलं नाही. हे मौन खरं होतं, मला लगेच ओळखू आलं. तिने फळा काढून बटाटे पुसले आणि लिहिलं, 'थॉर्नबी हो म्हणालं.'

डेलनी या वेळी चष्म्याशिवाय वाचलं. जिनीन कोशिंबिरीचा चमचा हातात घेऊनच खुर्चीवर बसली आणि रडू लागली, आणि रडता रडता म्हणाली, "आता त्यांना वाटणार, ही पोर एकाच स्वेटरवर राहते." रांगेत टाळ्या वाजल्या. मागून एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारलं, की अभिनंदन, पण बटाट्यांचं काय.

बऱ्याच वेळाने, आम्ही टेबलं पुसत असताना, मी हळूच म्हटलं, "कोरा, उत्तर आलं ना. आता स्वेटर दे."

तिने खिशात हात घालून माझी माळ काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली. स्वेटरची बटणं मात्र वरपर्यंत लावून घेतली. मग जमिनीकडे बघत, वाक्याच्या शेवटी जरासं खाली बसत, माझ्या आवाजात म्हणाली, "ओहायोत फार थंडी असते म्हणतात, बाळ."