हबीब बत्तीवाल्याची खूणपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी खूणपट्टी आहे. आता खूणपट्टी म्हणजे काय, हे तुमच्या मास्तरांनाही ठाऊक नसेल, म्हणून मीच सांगते. नाटकात एक बत्तीवाला असतो. कोणत्या प्रवेशाला कोणता उजेड पाडायचा, याच्या खुणा तो खिशात बाळगतो. त्या खुणा ज्यावर असतात ती मी. वीतभर लांब, कातड्याची, मधोमध करपलेली. माझा जन्म एका माणसाच्या नाकावर झाला. हसू नका. खोटं बोलत असेन तर उंदीर सोडा माझ्यावर.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या दावणीला बांधलेला होता. गावात वीज नव्हती, पण नाटकाचं वेड होतं. वामनराव नावाच्या मालकाची मंडळी बैलगाड्या घेऊन बुलढाणा जिल्हाभर फिरायची. हबीब हा तिचा बत्तीवाला. पत्र्याच्या पेटीत गॅसबत्ती, पेटीच्या तोंडाला खोबण आणि खोबणीत सरकवायच्या रंगीत काचा, एवढाच त्याचा पसारा.

या मंडळीचा एक दंडक होता. लढाईच्या प्रवेशात ताशे-नगारे असे कडकडायचे की कोणाचं कोणाला ऐकू येत नसे. म्हणून सगळे उजेडाकडे बघत. लाल पडली की तलवार उपसायची. निळी पडली की उगारलेला हात जागच्या जागी थांबवायचा, मग समोर कोणीही असो. हा दंडक मोडला की त्या माणसाचं मंडळीतलं ताट उचललं जाई.

देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा भरली होती. रंगमंचावर राजमाता मरून पडली होती आणि राजा झालेला रंगराव तिच्या उशाशी गळा काढत होता. राजमाता म्हणजे मिशा काढलेला इंद्रभान. इथे निळा उजेड हवा होता. हबीबच्या हाताला लागली लाल काच. पडद्याआड शत्रूचा सरदार उकंडराव पुढच्या प्रवेशासाठी तयारच उभा. लाल दिसली, दंडक तो दंडक! आरोळी ठोकून गडी थेट मढ्यावर चालून आला. त्याची लाकडी तलवार रंगरावाच्या तोंडावर बसली आणि पुढचे दात तुळशीच्या मण्यांसारखे फळ्यांवर घरंगळले. राजमाता लुगडं वर खोचून पळाली.

लोक खवळले. "आमाले येडे समजता काय बे!" म्हणत जोडे सुटले. त्या दिवशी एवढे जोडे पडले, की पुढच्या दिवाळीपर्यंत मंडळीतले बैलसुद्धा अनवाणी चालले नाहीत. त्यातला एक नोकदार जोडा एका कापूसवाल्याच्या पायातून निघाला आणि रंगरावाच्या नाकावर बसला. नाक जे डावीकडे वळलं ते वळलंच. त्या जोड्याचा तळ म्हणजे मी.

रंगराव रक्त थुंकत म्हणाला, "उकंड्या, याच फळ्यायवर तुले नाही लोळवला, तं बापाचं नाव लावणार नाही!"

"लोळव न बे! पयले नाक तं सरळ कर!" उकंडरावही काही कमी नव्हता.

हबीबने हे ऐकलं. चूक आपली आणि वैर या दोघांचं. आपल्या चुकीपायी एखाद्याचा जीव जाणार, ही भीती तेव्हापासून त्याच्या मानेवर बसली.

त्याची बायको जहांआरा ही घोड्यांचे साज शिवणाऱ्या कारागिराची लेक. तिने विचारलं, "काऊन चुकले जी?"

"अवं, बत्तीकडं पाहून पाहून डोये दिपतेत. मंग लाल बी काळी अन् निळी बी काळी."

"कागदावर लिहून ठेवा."

"अन् तो कागद कोणत्या डोयानं पाहू?"

तेव्हा ठरलं की खुणा बोटाने वाचायच्या. आधी तिने सुतळीला गाठी मारल्या. पहिल्याच खेळात सुतळीचा असा गुंता झाला की स्वयंवरात सूर्य मावळला. मग जाड पुठ्ठा घेतला. तो हबीबच्या घामाने भिजून पापडासारखा वाकला. शेवटी तिची नजर हबीबने यात्रेतून उचलून आणून कोपऱ्यात टाकलेल्या जोड्यावर, म्हणजे माझ्यावर गेली.

मित्रांनो, मग माझे हाल काय विचारता! मला उकळत्या पाण्यात बुडवलं, दगडाने ठेचलं, धारेच्या सुरीने टाच कापली. मग जहांआराने आरी घेऊन मला भोसकायला सुरुवात केली. दोन भोकं म्हणजे लाल. आडवी चीर म्हणजे निळी. नुसती खाच म्हणजे कोरा पांढरा उजेड. तशाच खुणा तिने काचांच्या लाकडी चौकटींवरही कोरल्या, म्हणजे बोट माझ्यावरून उचलायचं आणि चौकटीवर जुळवायचं. हबीब माझं टोकही कापायला निघाला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"टोक राहू द्या जी. अंधारात हाती घेतली तं वरती कोणतं अन् खाली कोणतं, कसं समजंल?"

असं माझं टोक वाचलं. कापलेल्या टाचेपासून टोकापर्यंत पूर्ण नाटक माझ्या अंगावर आलं, पण रूप मात्र जोड्याचंच राहिलं.

त्यानंतर हबीब कधी चुकला नाही. दसऱ्याला तलवारींबरोबर मलाही हळदकुंकू लागे. लोणारला मी सांगितलेली निळी अशी पडली, की चांदणं उगवलं समजून सरोवराकाठचे कोल्हे ओरडायला लागले. वाटलं तर यातलं निम्मंच खरं माना.

पण माझ्या दोन भोकांवर हबीबचं बोट आलं की त्याला घाम फुटे. लाल पडली की रंगराव आणि उकंडराव खोटं लढत नसत. कधी याची बरगडी मोडे, कधी त्याचं बोट सोलून निघे. आणि एक गंमत सांगू? गंमत कसली, काळजाला चरे पाडणारी गोष्ट आहे. लाल उजेडात रक्त दिसत नाही. घामासारखंच चमकतं. लोकांना वाटे, काय झकास लढतात! गर्दी वाढली. वामनराव मिशीत हसून म्हणे, "हबीब, लाल जराशीक लांबव. लोकायले पाहू दे."

मग वरवट बकाल गावातला खेळ आला. पडदा वर जायच्या आधी रंगराव बत्तीपाशी आला. त्याने लाकडी तलवारीचं म्यान उघडून दाखवलं. आत लोखंडी सळई होती.

"आज निळी पाडायची नाही. तो हालायचा थांबला, का मंग पाड."

"रंगरावदादा, खेळ हाय तो!"

"मंग माह्या नाकाचा काय झाला? खेळच झाला न?"

हबीब धावत वामनरावाकडे गेला. वामनराव पान जमवत म्हणाला, "नाटकवाले हायेत बे, बोलतेत. तू तुही बत्ती पाय." हबीब परत येतो तर बत्तीपाशी मोतीराम बसलेला. पडदे ओढणारा पहिलवान, रंगरावाचा माणूस.

लाल पडली. ताशे कडाडले. पहिल्याच घावाला उकंडरावाची लाकडी तलवार दुभंगली. दुसरा घाव हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज मला पेटीपाशी ऐकू आला. लोकांना तो ताशाचाच वाटला. उकंडराव ओरडला, "सोड बे, खरंच लागलं!" त्याचे ओठ हलले, पण शब्द कोणाला पोचला नाही. सळई खांद्यावर पडली, पाठीवर पडली. कपाळ फुटून डोळ्यांत रक्त उतरलं. गुडघ्यावर आलेल्या माणसाला रंगराव लाथेने पाडत होता, आणि समोरून शिट्ट्या येत होत्या, "वन्स मोअर!"

हबीबचं बोट माझ्या चिरेवर आलं. त्याने निळ्या काचेकडे हात टाकला. मोतीरामने तीवर टाच ठेवली. कच्च! निळीचा चुरा झाला. लाल चौकट ओढायला गेला, तर मोतीरामचा पंजा तिच्यावर. दुसऱ्या हाताने त्याने हबीबच्या तोंडावर ठोसा हाणला, ओठ फाडला, नरडं धरलं. बत्ती फोडावी, तर अंधारात हजार माणसं लेकरांसकट एकमेकांना तुडवणार. तिकडे रंगरावाने शेवटच्या घावासाठी सळई दोन्ही हातांनी डोक्यावर नेली.

हबीबचा एकच हात मोकळा होता आणि त्या हातात मी होते. त्याने मला तशीच काचेपुढे धरली.

मित्रांनो, दिव्याजवळ धरलेलं बोटसुद्धा भिंतीवर खांबाएवढं होतं. मग मी काय झाले असेन! मागच्या पांढऱ्या पडद्यावर, रंगरावाच्या डोक्यावर, गोठ्याएवढा काळा जोडा उतरू लागला. माझ्या भोकांतून आलेला उजेड त्याच्या तळाला ठोकलेल्या खिळ्यांसारखा चमकत होता. रंगरावाने वर पाहिलं. त्याच्या हातून सळई गळाली. दोन्ही हातांनी नाक झाकून तो खाली बसला. "अगं माय वं! पुन्हा आला!"

बायांच्या बाजूला झुंबरबाई नावाची म्हातारी बसली होती. तिने यात्रेतला तो खेळ पाहिला होता. ती ओरडली, "जोडा आला रे रंगराव, पळ!" मग काय, सगळा मांडव हसून लोळला. ताशेवाले पोट धरून हसले आणि ताशे थांबले.

ताशे थांबले तसं उकंडरावाचं कण्हणं ऐकू आलं.

हसू मध्येच तुटलं. कोणीतरी साधा कंदील घेऊन वर चढलं. पांढऱ्या उजेडात फळ्या पाहिल्या आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. मोतीरामची पकड आपोआप सुटली. सगळ्यांत मोठ्याने 'वन्स मोअर' म्हणणारा जो होता, त्यानेच डोक्यावरचं पागोटं फाडून उकंडरावाच्या कपाळाला बांधलं.

उकंडराव जगला. हात मात्र वाकडाच राहिला. रंगरावाला पोलीस जमादार घेऊन गेला आणि त्याने पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. हबीबचा तळवा तापलेल्या पत्र्यावर भाजला, तिथेच मीही करपले. जखम भरल्यावर तो मला कुरवाळत म्हणायचा, "निळीचं काम तू केलं, माय."

पुढे वीज आली, बटणं आली, हबीब गेला. आता मी देऊळगाव राजाला त्याच्या नातीच्या, शाहजादीच्या घरात आहे. तिच्या डुगडुगत्या कपाटाच्या पायाखाली. ती बिचारी मला जोड्याचा तुकडा समजते. चूक तिची नाही. पण तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलंच, तर मला बाहेर काढा, धूळ पुसा, तेलाचं बोट फिरवा. माझ्या भोकांवरून एकदा हात फिरवा. अजून पूर्ण नाटक आहे तिथे.

आणि एवढं ऐका. कुठे दोघं भिडले असतील आणि भोवतीचे टाळ्या पिटत असतील, तर तुमची टाळी वाजायच्या आधी साधा कंदील वर धरा. लाल उजेडात रक्त दिसत नाही. बत्तीवाल्याचा हात कधी धरू नका. नाहीतर मी करपलेली असले, कपाटाखाली चेपलेली असले, तरी माझं टोक अजून शाबूत आहे. आणि नाक तर तुम्हालाही आहे.