डोंगराला गुडघेदुखी होत नाही

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. उशिरा आलेले लोक खिडक्यांचे गज धरून बाहेर लोंबकळत होते. व्यासपीठावर लाकडी खुर्चीत गोदामातला हमाल बसला होता. पाठीवर पोतं टाकून शीळ वाजवत जिना चढणारा गडी तो! पण आज त्याच्या कपाळावर स्थिरबाबांनी एक बोट टेकवलं होतं. फक्त एक.

"आता ऊठ," बाबा म्हणाले.

हमालाने दात-ओठ खाल्ले. मानेच्या शिरा तटतटल्या, खुर्ची कुरकुरली, पण गडी काही तसूभर वर होईना.

"अरे, पोती उचलतोस आणि स्वतःला उचलता येत नाही?"

लोकांच्या तोंडून "अबब!" निघालं. बाबांनी बोट काढलं आणि त्यावर हलकेच फुंकर मारली.

"थैली रिकामी झालीय याची," त्यांनी निकाल दिला. "माणूस जन्माला येताना हालचालींची थैली घेऊन येतो. चाललात, धावलात, वाकलात की थैली रिती होते. उंदीर दिवसभर पळतो, किती जगतो? कासव बसून असतं, किती जगतं? आणि डोंगर! डोंगराला कधी गुडघेदुखी झालेली ऐकलीय?"

कोणीच ऐकली नव्हती.

मग बाबांनी हमालाला आपल्या निळ्या गादीवर बसवलं, "पाय आत घे, नम्र हो, मान झुकव, शक्ती आत घे" असं म्हटलं आणि हमाल झटक्यात उठून उभा राहिला. टाळ्यांनी छत दणाणलं. विकायला ठेवलेल्या तसल्याच निळ्या गाद्यांच्या ढिगापुढे रांग लागली.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या कवायतीच्या बाईंना हसू आवरेना. त्या शाळेत मुलांकडून कवायत करून घेत, आणि आयुष्य म्हणजे एकसारखं "सावधान-विश्राम" असं त्यांचं मत होतं. पण शेजारी बसलेली त्यांची आई हसत नव्हती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं आणि चालताना दुखत होतं. अशा माणसाला कोणी "चालू नका, त्यातच पुण्य आहे" असं सांगितलं, तर त्याला देव भेटल्यासारखंच वाटणार.

"सगळी बनवाबनवी आहे," बाई पुटपुटल्या.

"मग जा की वर," आई म्हणाली. "लांबून नाक मुरडायला काय जातंय?"

बाई ताडताड व्यासपीठावर गेल्या आणि खुर्चीत बसल्या. बाबा मधाळ आवाजात म्हणाले, "पाठ टेकवा, ताई. पाय पुढे सोडा. हात मांडीवर. मान वर." बोट कपाळाला लागलं. बाईंनी उठायला जोर केला.

काही झालं नाही.

त्यांनी पुन्हा जोर केला. पायाचे अंगठे चवड्यांसकट वळवळले, एवढंच. लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेतले हेडसर तर इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला.

दुसऱ्या दिवशी शाळेत हेडसरांनी बाईंना बोलावलं. ते स्वतः निळ्या गादीवर विराजमान होते. "बाई, उद्यापासून कवायतीचा तास बंद. त्या वेळात मुलं वर्गात स्थिर बसतील."

"सर, ती स्थिर बसत नाहीत म्हणून तर कवायत ठेवलीय!"

"तुम्ही काल खुर्चीतून उठू शकला नाहीत, बाई. शारीरिक शिक्षणाबद्दल आपण न बोललेलंच बरं."

बाईंनी शिट्टी खिशात घातली आणि त्या घरी आल्या.

घरी तर आनंदच होता. आईनेही निळी गादी घेतली होती आणि गॅलरीतल्या फेऱ्या बंद केल्या होत्या. जेवण गादीवर, पेपर गादीवर, शेजारणीशी गप्पाही गादीवरूनच, खिडकीतून ओरडून. काही आठवडे असेच गेले. ऑपरेशन झालेला पाय दुसऱ्यापेक्षा बारीक दिसायला लागला. एकदा न्हाणीघरात जाताना आईला उंबऱ्यावरून पाऊल उचलेना. ती चौकट धरून तशीच उभी राहिली आणि तिने बाईंना हाक मारली. ती हाक बाईंच्या काळजात रुतून बसली. कालपरवापर्यंत हीच आई त्यांना "पाय उचल गं भराभर" म्हणून दटावायची.

त्या संध्याकाळी आई खुर्चीतून उठत होती. आधी ती पुढे सरकली. पाय आत घेतले. मग कंबरेत वाकली, नाक गुडघ्यांच्या पुढे आणलं आणि मग कण्हत उठली.

बाई ओरडल्या, "थांब! बस परत!"

"आत्ताच तर उठले गं. छळ नुसता!"

"बस ना, आई. आता पाठ टेकव. पाय पुढे. मान वर." बाईंनी आईच्या कपाळावर बोट ठेवलं. "ऊठ."

आई उठेना. बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उठायचं तर अंगाचा भार आधी पावलांवर यायला हवा, आणि त्यासाठी डोकं पुढे जायला हवं. डोकंच अडवलं की माणूस अडकला! बोटाला ताकद लागतच नाही, कारण मागे रेललेल्या माणसाची मान त्या एका बोटाशीही भांडू शकत नाही.

हे सगळं त्या आईला सांगणार, तोच आईने हात जोडले. डोळ्यांत पाणी.

"माझ्या पोटी सिद्धी जन्माला आली!"

"अगं आई, सिद्धी नाही, भार..."

पण आई भिंत धरत खिडकीशी पोचलीसुद्धा होती, शेजारणीला हाका मारत. घटकाभरात घरात शेजारीण, तिचा नवरा आणि वरच्या मजल्यावरचा शिंपी असे तिघं दर्शनाला हजर. शिंप्याने तर बाईंच्या पायांवर डोकंच ठेवलं.

समजावून समजावून बाईंचा घसा बसला. "भार", "तोल", "पावलं" असे शब्द निघाले की शेजारीण "किती विनम्र आहेत!" म्हणायची. शेवटी बाई स्वतःच खुर्चीत बसल्या, पाठ टेकवली, पाय पुढे सोडले आणि म्हणाल्या, "आई, आता तू माझ्या कपाळावर बोट ठेव."

आईने ठेवलं. बाई उठू शकल्या नाहीत.

"म्हणजे सिद्धी मलाही?" आई हरखली.

"आता शेजारणीला ठेवू दे."

शेजारणीलाही सिद्धी. तिच्या नवऱ्यालाही. शिंप्याने करंगळी ठेवली, तरी तेच. मग दार वाजलं आणि दूधवाला आत आला. आईने त्याला धरून खुर्चीत बसवलं.

"आजी, सोडा! दूध नासेल!" तो बोटाखाली तडफडत ओरडला.

आईने बोट काढलं. मग त्या बोटाकडे निरखून बघितलं.

"आपण सगळेच सिद्ध," ती सावकाश म्हणाली, "मग त्या मेल्याला व्यासपीठ कशाला?"

बाईंना एवढंच हवं होतं.

पुढच्या सभेत आई काठी टेकत व्यासपीठावर चढली. बाबा आपल्या मखमली खुर्चीत मागे रेलून, पाय पसरून बसले होते. आई गोड आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या कपाळाला स्पर्श करून थोडी शक्ती घेऊ का?"

"घ्या, माउली, घ्या," बाबा डोळे मिटून म्हणाले.

आईने बोट टेकवलं. "आता उठा."

बाबांनी डोळे उघडले. "अं?"

"उठा म्हटलं. तुमची थैली तर काठोकाठ भरलेली. उठा!"

बाबांनी आधी स्मित केलं. मग हळूच जोर केला. मग उघड जोर केला. दाढी थरथरली, मखमलीतून कर्र असा आवाज आला. आजीबाईंच्या सुरकुतलेल्या बोटाखाली बाबा उलट्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय हलवत राहिले.

"हा... हा ग्रहांचा..." ते धापा टाकत म्हणाले.

"ग्रहांना कशाला मध्ये ओढता?" बाई व्यासपीठावर येत म्हणाल्या. "मंडळी, शेजाऱ्याला खुर्चीत मागे रेलून बसवा, पाय पुढे सोडायला सांगा आणि करून बघा!"

मग जे झालं ते त्या सभागृहाने कधी पाहिलं नव्हतं. नवऱ्यांनी बायकांच्या, बायकांनी सासवांच्या, शिंप्याने हमालाच्या कपाळावर बोटं ठेवली. अर्धं सभागृह अडकलं, अर्धं हसायला लागलं. शाळेच्या शिपायाने हेडसरांच्या कपाळावर बोट ठेवलं आणि संधी मिळालीच आहे तर काढायची घाई केली नाही.

"पण माझे हात आपोआप वर गेले होते, त्याचं काय?" गर्दीतून एकाने विचारलं. बाबा लोकांना दाराच्या चौकटीत उभं करून दोन्ही हात खाली सोडून तळहातांच्या मागच्या बाजूने चौकटीवर बाहेरच्या दिशेने दाब द्यायला लावत. मंत्र संपला की पुढे यायला सांगत, आणि हात पंखांसारखे वर तरंगत.

"मंत्राशिवाय करा," बाई म्हणाल्या. "आधी भरपूर दाबा, मग पुढे या, हात सैल सोडा. दाबणारे स्नायू लगेच थांबत नाहीत, थोडा वेळ आपलं काम चालूच ठेवतात. अडवायला चौकट नाही, म्हणून हात वर जातात."

दाराशी झुंबड उडाली. हात वर तरंगवत बाहेर पडणाऱ्या माणसांच्या लोंढ्यात बाबाही मिसळले. त्यांचे हात मात्र तरंगत नव्हते, त्यांत गल्ल्याची पेटी होती. पण महिनोन् महिने बसून राहिलेले ते पाय! दोन पायऱ्या उतरताच बाबांच्या पोटरीत असा गोळा आला की त्यांनी तिथेच बसकण मारली. हमालाने त्यांना उचलून पोलीस चौकीवर पोचवलं. "हलके आहेत," एवढंच तो म्हणाला.

आत बाई उरलेल्या लोकांशी बोलत होत्या. आवाज चढवायची गरज नव्हती.

"शरीर म्हणजे थैली नाही. वापरलं की ते संपत नाही, न वापरलं की झडतं. आईचा पाय बघा, बसून बसून बारीक झालाय. हाड, स्नायू, श्वास, सगळ्यांना रोज काम लागतं. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारा, झेपेल तेवढंच करा, पण करा. आणि कोणी चमत्कार दाखवला तर भारावून जाण्याआधी एक साधा प्रश्न विचारा. हेच मी केलं तर होतं का? शेजाऱ्याने केलं तर होतं का? होत असेल तर तो चमत्कार नाही, आपल्याला अजून न कळलेली गोष्ट आहे. ती कळून घ्या."

हेडसर घसा खाकरत म्हणाले, "बाई, कवायतीचा तास... उद्यापासून..."

"दोन तास," बाई म्हणाल्या. "एक मुलांचा, एक शिक्षकांचा."

घरी जाताना आईने रिक्षा नको म्हटलं. दिव्याच्या खांबापर्यंत चालली, थांबली, पुन्हा चालली. कपाळावर घाम आला होता.

"दुखतंय गं."

"दुखणार, आई. थोडे दिवस. बसू या का जरा?"

"नको," आई म्हणाली आणि तिने पुढचं पाऊल टाकलं. "बसून झालंय भरपूर."