घंटाकाकूंचं घड्याळ

पुढच्या महिन्याच्या व्याख्यानांची यादी विद्यापीठात सगळ्यांत आधी वाचायचा मान घंटाकाकूंचा, कारण मोठ्या सभागृहाबाहेरच्या फलकावर ती टाचण्यांनी लावायच्या त्याच. माइक, प्रोजेक्टर आणि वेळेची घंटा बावीस वर्षं त्यांच्याच हातात. अठराव्या मिनिटाला एक टोला, विसाव्याला दोन, की माइक बंद. समोर कोण आहे, हे काकू बघत नसत. भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या बड्या सरांनाही त्यांनी भर वाक्यात गप्प केलं होतं. सर आठवडाभर गाल फुगवून फिरले, पण पुढच्या खेपेला एकोणिसाव्या मिनिटालाच खाली बसले.

या वेळी मात्र परिषदेच्या यादीतल्या तिसऱ्या ओळीपाशी काकूंचा हात थबकला. तिथे त्यांच्या सुनेचं नाव होतं.

काकूंना सुनेचं कोण कौतुक! येईल त्याला सांगायच्या, "धडधाकट कान नुसता ऐकत नाही, स्वतः बारीक आवाजही काढतो म्हणे. तान्ह्या बाळाला ऐकू येतं का, हे त्याला विचारणार कसं? त्याच्या कानालाच विचारायचं!" तसं यंत्र सुनेने बनवलं होतं, साबणाच्या वडीएवढं. परिषदेत बोलणाऱ्या बारा जणांतून एकालाच प्रयोगशाळेत दोन वर्षं जागा मिळणार होती. नाही मिळाली, तर यंत्र कपाटात धूळ खाणार.

म्हणून महिनाभर घरी तालीम चालली. काकू ताटावर चमचा वाजवायच्या आणि सून तेविसाव्या मिनिटापर्यंत बोलतच राहायची.

"अगं, शेपूट छाट!"

"आई, शेवटी कानाचा आवाज ऐकवायचाय. तेच तर सगळं आहे."

"मग मधलं पाल्हाळ काढ. लोकांना घर बघायचंय, गल्ल्या नव्हे."

अखेर भाषण वीस मिनिटांत चपखल बसलं.

परिषदेत सून अशी काही बोलली की काकू बघतच राहिल्या. भाजीवाल्यापुढे तोंडातल्या तोंडात पुटपुटणारी ही पोर इथे चारशे माणसांना मुठीत धरून उभी होती. आणि नवव्या मिनिटाला प्रोजेक्टरने मान टाकली. काकू धावल्या, वायर बदलली. दोन मिनिटं गेली.

प्रोजेक्टर बंद पडला की घड्याळ थांबवायचं, हा नियम काकूंनीच घातलेला. अंगठा बटणावर गेलाही होता. पण मनात आलं, लोक म्हणतील, घरचीच ना! अंगठा मागे आला.

अठराव्या मिनिटाचा टोला पडला तेव्हा सून अजून गल्लीतच होती. तिने एकदा सासूकडे पाहिलं आणि भराभर बोलायला लागली. विसाव्याचे दोन टोले पडले. त्यांचा हात माइकच्या बटणाकडे वळला.

"काकू!" पहिल्या रांगेतून बडे सर उठले. "प्रोजेक्टर बंद होता ती दोन मिनिटं कुठे गेली?"

सगळं सभागृह मागे वळलं.

"घड्याळ थांबवलंच नाही, सर. माझी सून आहे म्हणून."

"म्हणून तिच्यावर अन्याय? मला गप्प करताना तर म्हणाला होतात, नियम सगळ्यांना सारखा!"

"चुकलं. कानाला खडा." काकूंनी घड्याळ मागे फिरवलं. "सूनबाई, दोन मिनिटं तुझी आहेत. बोल."

सुनेने यंत्र माइकजवळ धरलं. चारशे माणसांनी श्वास रोखले आणि त्या शांततेत एक बारीक, थरथरता सूर उमटला.

"हा एका कानाचा आवाज, हजारो पट मोठा केलेला," सून म्हणाली. "बावीस वर्षं हा कान या सभागृहात मागे बसून सगळ्यांचं ऐकतोय. तालमीत मी तो टिपला. आई, हा तुमचा आहे."

यंत्र चालतंय का बघते, असं म्हणून तिने एकदा काकूंच्या कानात काहीतरी घातलं होतं, ते त्यांना आता आठवलं. टाळ्या थांबेनात. बडे सर मागे वळून हसत हसत घंटेकडे बोट दाखवत होते, पण काकूंना समोरचं काही धड दिसतच नव्हतं. घंटा वाजवायची राहिली ती राहिलीच.

संध्याकाळी निकालाचा कागद फलकावर लावायला त्यांच्याच हातात आला. त्यावर एकच नाव होतं. कागदाला चार टाचण्या पुरतात. काकूंनी आठ लावल्या.