रावसाहेबांनी पारखलेला चहा

सोमवारी ओसाकाहून तीन पाहुणे येणार होते आणि त्यांच्यासाठी चहा आणायचं काम शुक्रवारी संध्याकाळी उत्कर्षाकडे आलं. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत ती जपानीची दुभाषी होती.

"ग्रीन टीच ना? पँट्रीत लेमन-हनीचा खोका पडलाय की," तिचे साहेब सुदर्शन म्हणाले.

"सर, तो दिला तर ते पितील. पण दुसरा कप मागणार नाहीत."

"मग तुम्हाला योग्य वाटेल तो आणा. मला चहातलं फक्त आलं कळतं."

त्याच आठवड्यात उत्कर्षाचे वडील वणीहून तिच्याकडे आले होते. रावसाहेबांनी छत्तीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर म्हणून काढली होती. गाडीतून मूठभर कापूस काढायचा, बोटांनी ओढून धागा पाहायचा आणि प्रत सांगायची. त्यांनी सांगितलेल्या प्रतीवर वाद घालायला सहसा कुणी धजत नसे. मार्चमध्ये ते निवृत्त झाले. मुलगी पुण्यात काय करते असं कुणी विचारलं, की ते "कंपनीत हाय" एवढंच सांगत. तिनं डी.एड. करावं अशी त्यांची इच्छा होती. तिनं जपानी शिकायचं ठरवलं तेव्हा महिनाभर ते तिच्याशी कामापुरतंच बोलले होते. त्यालाही आता सहा वर्षं झाली होती, पण तो विषय दोघांपैकी कुणीच पुन्हा काढला नव्हता.

रविवारी सकाळी कर्वेनगरहून बसनं दोघं बुधवार पेठेत गेली. दगडूशेठचं दर्शन घेतलं आणि परदेशी जिन्नस ठेवणाऱ्या एका दुकानात शिरली. उत्कर्षानं फळीवरून जपानी टी-बॅगची चार वेगवेगळी पाकिटं काढून काउंटरवर मांडली.

"चार?" दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "दुकान काढताय का?"

"एक निवडायचाय. म्हणून चार," उत्कर्षा म्हणाली.

दुकानदारानं पाकिटं बांधून दिली. रावसाहेब बाहेर आल्यावर हसले. "बराबर बोलली. एक नमुना पाहून कोणी माल घेते काय?"

घरी आल्यावर तिनं पाणी ठेवलं, तोवर रावसाहेबांनी कात्री मागून घेतली आणि प्रत्येक पाकिटातली एकेक पिशवी कापली.

"कापूस काळ्या कपड्यावर पाहा लागते. हे हिरवं हाय. पांढरं काही दे."

तिनं चिनी मातीची ताटली दिली. त्यांनी तिच्यावर चार ढिगल्या केल्या आणि खिडकीच्या उजेडात नेल्या. पहिली चिमूट बोटांत चोळून ते म्हणाले, "हे जुनं होय. रंग उतरला."

उत्कर्षानं पाकीट उलटं केलं. मुदत संपायला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. तिनं ते बाजूला ठेवलं.

"दुसऱ्यात काड्या लय. वेचणी बराबर नाही."

"बाबा, तो काड्यांचाच असतो. मुद्दाम."

"मुद्दाम? काड्या विकते?"

"आणि लोक आवडीनं पितात. पण हा पाहुण्यांसमोर ठेवणार नाही. रोजचा आहे तो."

तिसरी ढिगली गर्द हिरवी आणि बारीक होती. रावसाहेबांनी मान हलवली. "ही तं भुकटी. जिनिंगमधी आम्ही हे झाडून काढतो."

"इथे तुमचं चुकलं. हा पाला जास्त वेळ वाफवतात, म्हणून असा मोडतो. पिशवीतून चव लवकर उतरायलाही बारीकच बरा. वास घ्या ना."

त्यांनी ताटली नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली. "ताजा हाय," ते अखेर म्हणाले. "पाऊस पडून गेल्यावर वावराच्या धुऱ्यावरच्या गवताचा येते, तसा." मग चौथीकडे पाहून ते चकितच झाले. "अन् यात तं लाह्या हाय वं!"

"भाजलेला तांदूळ आहे."

"हे तुले कसं ठाऊक?"

"मागे लिहिलंय." तिनं तिसरं पाकीट उचललं. "यावर पाला कुठला ते लिहिलंय, पाणी किती गरम हवं, किती वेळ ठेवायचं..."

"मराठीत नको सांगू. लिहिलं हाय तसं वाच."

तिनं वाचलं. बारीक अक्षरांतल्या सात-आठ ओळी, कुठेही न अडखळता. रावसाहेब तिच्या बोटाकडे पाहत होते. तिचं संपल्यावर त्यांनी चौथं पाकीट पुढे सरकवलं. "हेबी." तिनं तेही वाचलं.

"माह्यासमोर तू असं कधी वाचलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी म्हटलं नाहीत."

"हो," रावसाहेब म्हणाले. "मी नाही म्हटलं. चुकलं माह्यं."

उत्कर्षा गॅस बंद करायला उठली, तोवर त्यांनीच पुढे होऊन तिसऱ्या पाकिटातली एक पिशवी कपात टाकली आणि तिच्यावर उकळतं पाणी ओतलं. पाच मिनिटांनी पिशवी फडक्यासारखी पिळून त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडुलिंब!"

"उकळतं पाणी नाही, आणि पिळायची तर मुळीच नाही." तिनं पाणी आधी रिकाम्या कपात ओतून निवू दिलं, मग पिशवीवर घातलं. मिनिटभरानं पिशवी अलगद उचलली. या खेपेला रावसाहेबांनी कप खाली ठेवलाच नाही. कप रिकामा करून त्यांनी तिसऱ्या पाकिटावर बोट ठेवलं. "हाच ने." तिनंही मनाशी तोच ठरवला होता.

सोमवारी पँट्रीतल्या शालूताईंना तिनं पाणी किती निववायचं ते करून दाखवलं आणि बैठकीला गेली. एका भागाच्या मापावरून सुरुवातीलाच अडलं. ज्येष्ठ पाहुणे किनोशिता यांनी सवयीनं स्वतःच्या चहाच्या दोन पिशव्या वहीशेजारी काढून ठेवल्या होत्या. शालूताईंनी आणलेल्या कपातला एक घोट त्यांनी घेतला, कपात डोकावून पाहिलं आणि त्या दोन पिशव्या परत बॅगेत टाकल्या. वाद मात्र पहिल्याइतकाच नेटानं घालत राहिले, आणि मध्येच रिकामा कप पुढे सरकवला. सर्वांत तरुण पाहुण्यानं शालूताईंचा आल्याचा चहा दोनदा मागून घेतला.

मापाचा प्रश्न चार वाजता सुटला. दोन्ही बाजूंचं म्हणणं उत्कर्षानं एकदाही न गोंधळता पोचवलं होतं. निघताना सुदर्शन सर म्हणाले, "चहाबद्दल तक्रार आली नाही. कामाबद्दलही नाही." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला तिला दोन वर्षं लागली होती.

घरी रावसाहेबांनी पिठलं करून ठेवलं होतं. जेवताना तिनं दिवसभराचं सगळं सांगितलं.

"तिकडे जाशील का, जपानले?" त्यांनी विचारलं.

"पाठवलं तर जाईन."

"पाठवतील," रावसाहेब म्हणाले. कापसाची प्रत सांगावी, तसा त्यांचा आवाज होता. मग त्यांनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.