पाठीवरचे दोन काटे

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. अंगठ्याएवढं, पितळी घरात मिटून बसणारं. काचेवर चरे पडलेत, बिजागरी कुरकुरते, फार बोलायचं त्राण उरलेलं नाही.

माझ्या मालकीणबाई मुंग्यांच्या अभ्यासक. तरुणपणी त्या रानात पालथ्या पडून तासन्‌तास माझ्यातून बघायच्या. तिथे दोन जातींच्या काळ्या मुंग्या होत्या, हुबेहूब सारख्या. फरक एकच. एकीच्या पाठीवर दोन बारीक काटे, दुसरीची पाठ गुळगुळीत. वरून पाहिलं तर काही कळत नाही, मुंगी आडवी धरून बाजूने बघावं लागतं. लोक म्हणायचे, बाईंची नजर भारी. राबायचो मी, नाव बाईंचं. पण तेव्हा मला त्याचं सुखच वाटे.

मग बाईंना स्वतःचीच खात्री वाटू लागली. "हिला मी झोपेतही ओळखते," असं म्हणून त्या चिठ्ठीवर काटेवालीचं नाव लिहीत आणि ती पेटीत टोचून जपलेल्या मुंगीच्या टाचणीत खोचत. पंधरा वर्षं मी खिशात रुमालाखाली पडून होतो.

बाईंच्या आयुष्यभराच्या कामाची यादी छापायला जायची होती. पेट्या तपासायला भाची आली. तिने मला पुसलं, एक मुंगी बाजूने पाहिली.

"आत्या, हिला काटे नाहीत."

"असतील गं. भिंग जुनं झालंय."

मित्रांनो, हे मला फार लागलं.

भाचीने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. मग मला आत्याच्या हातात दिलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"छपाई थांबवायला सांग," त्या म्हणाल्या.

तीन आठवडे आम्ही तिघं खपलो. निम्म्याहून जास्त नावं चुकलेली निघाली.

"जुन्या चिठ्ठ्या काढून टाकू का? कोणाला कळणार आहे?" भाचीने हळूच विचारलं.

"काढायच्या नसतात. नवी चिठ्ठी खाली लावायची. माझी चूक राहू दे वर."

त्या पेट्यांत आता प्रत्येक चुकीवर बाईंचं अक्षर आहे, आणि खाली दुरुस्तीवरही त्यांचंच.

मित्रांनो, मला पुसायला मऊ कापड घ्या, एवढंच मागणं आहे. आणि एखाद्याला आपण पुरतं ओळखतो असं वाटलं, तरी जरा वाकून बाजूने बघा. मी थकलोय, पण तेवढं अजून दाखवू शकतो.