डिसेंबरातली छत्री

कॉस्मस मास्तर भर डिसेंबरात छत्री घेऊन निघाले की मरोळ गावठाणातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं, आज कुणाच्या तरी घरी तांदूळ चालले. चर्चच्या मदत मंडळाचा नियमच होता, मदत गुपचूप द्यायची, घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये. म्हणून मास्तर तांदळाची पिशवी मिटलेल्या छत्रीत लपवत, आणि ती छत्री मधोमध गरोदर दिसे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथं मूठ आरपार दिसत होती आणि न बघण्याचं सोंग सारं गाव मनापासून करत होतं.

दुसरा नियम जोडीनं जायचा. पण जोडीदार अर्बन लेकीकडे चेंबूरला राहायला गेला आणि मास्तर एकटे उरले. घरीही एकटेच होते. बायको पेट्रिशिया जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, शाळाही सुटली होती. कधी कधी अख्ख्या दिवसात तोंडून एकच शब्द निघे, दूधवाल्याला, ‘ठेव.’ रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मात्र मदतीच्या यादीतल्या इनेझबाईच्या ओटीवर खुर्ची मांडलेली असे. विधवा बाई, तोंडाची फटकळ. कोंबड्यांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांची हजेरी घ्यायची, कपात परत चहा ओतायची. मास्तर आठवडाभर त्या तासावर जगत.

घोडं अडलं ते जूनमध्ये. तिच्या मुलाला, ॲम्ब्रोजला, आरे कॉलनीत दुधाच्या बाटल्या धुण्याची नोकरी लागली. घरात कमावता आला की नाव यादीतून काढायचं, आणि हे लिहायचं मास्तरांनीच. दर महिन्याच्या कागदावर प्रश्न असे, ‘परिस्थितीत बदल?’ खोटं बोलणाऱ्या पोरांना आयुष्यभर छड्या मारलेले मास्तर त्यापुढे लिहीत, ‘नाही.’

यादीत अकराच घरं बसत. बारावी होती सोनूबाई. मंडळ जातधर्म बघत नसे, तेव्हा त्याची अडचण नव्हती. मासळीची पाटी घेऊन जाताना घसरून तिचा पाय मोडला होता. प्रत्येक बैठकीत तिचं नाव वाचलं जाई आणि जागा नाही म्हणून पुढं ढकललं जाई. मास्तर तेव्हा स्वतःच्या चपलांकडे बघत. त्यांना लाज वाटे, खरीखुरी वाटे. पण रविवार आला की छत्री घेऊन ते निघतच.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी इनेझबाईनं चहा ठेवलाच नाही.

“कागद काढा, मास्तर. आमचं नाव काटा. ॲम्ब्रोजला लागून सहा महिने झाले. तुम्हाला म्हाईत, मला म्हाईत, देवाला म्हाईत.”

“मी लिहिणारच होतो...” मास्तर कागद काढत म्हणाले.

“काय लिहिणार होता! तुमचे तांदूळ आम्ही खाल्लेच नाय. तुमची पाठ वळली की ॲम्ब्रोज सायकलवरून सोनूबाईकडे टाकून येतो.”

मास्तरांचे कान तापले. “मग आधी का नाही बोललात?”

“बोलले असते तर तुम्ही आला असता?” तिनं कागदाकडे बोट दाखवलं. “आता सोनूबाईचं नाव लिहा. आणखी एक लिहा. गावठाणातच ऱ्हातो, एकटा माणूस. पेन्शन आहे, खायला आहे, बोलायला कुणी नाय. तांदूळ नको त्याला, जागा अडायची नाय.”

“नाव?” मास्तरांनी सवयीनं विचारलं. पेन्सिल कागदावर टेकली आणि मग त्यांना उमगलं.

“कॉस्मस,” इनेझबाई म्हणाली.

मास्तर ताडकन उठले. “मी मदत देणारा माणूस आहे!”

“मग? घेणाऱ्याला काय शिंगं असतात?”

ते तडक घरी आले. छत्री तिथंच राहिली.

सोमवारी बैठकीत त्यांनी सगळं कबूल केलं. कुणी रागावलं नाही, ते जास्त लागलं. सोनूबाईचं नाव यादीत चढलं, तिचं घर दुसऱ्या जोडीकडे गेलं. दुसरं नाव मास्तरांनी लिहिलं नव्हतं. नंतरचे दिवस त्यांनी ‘ठेव’ या एका शब्दावर काढले.

रविवारी मिस्सा झाली आणि मास्तरांना जायला घर नव्हतं. ते आपल्याच खोलीत येऊन बसले. थोड्या वेळानं उठले, उगाच केर काढला. ठिगळाची चादर गादीखाली सारली. कान तुटलेला कप मागं ढकलला, पेट्रिशियाचा चांगला कप पुसून पुढं ठेवला. दुसरी खुर्ची ओटीवर नेऊन मांडली, आणि तिच्या पाठीवर हात तसाच राहिला. इनेझबाई दर रविवारी हेच करत होती. ते यायच्या आधी काय काय लपवत होती, कुणास ठाऊक. त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“ओ मास्तर!” समोरच्या ओटीवरून ल्युसी ओरडली. “आज तुमच्याकडे छत्री येते बघा!”

आभाळात ढगाचं नाव नव्हतं. गल्लीतून इनेझबाई येत होती, नियमाप्रमाणे जोडीनं, बरोबर ॲम्ब्रोज. हातात मास्तरांचीच छत्री, मधोमध फुगलेली. ओट्याओट्यांवर लोक न बघण्याचं सोंग करत होते.

मास्तरांची मान खाली गेली. आत जाऊन कडी लावावी असंही क्षणभर वाटलं. पण पायरीशी येऊन ती थांबली आणि छत्री तिनं दोन्ही हातांनी पुढं केली.

“सांभाळून. अंडी आहेत.”

मास्तरांनी छत्री घेतली. दुसऱ्या हातानं खुर्ची पुढं सरकवली.

“या,” ते म्हणाले.